बास्करव्हिल : अक्षर, कागद आणि शाई

छापील अक्षरांविषयीच्या या सदरात मागील अंकी सेरिफ टंकांची ओळख करून देताना मी एक वाक्य लिहिले होते : पुस्तकासाठी एकच रोमन टंक निवडायचा झाला, तर मी बास्करव्हिल निवडेन. त्या वाक्याचे कारण विचारणारी आणि काही ठिकाणी त्याला आक्षेप घेणारी बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. टंक म्हणजे ज्याला आपण रोजच्या बोलण्यात फॉन्ट म्हणतो तोच, एवढे नव्या वाचकांसाठी सांगून ठेवतो.

प्रश्न : सेरिफ म्हणजे नेमके काय? आणि बास्करव्हिलला 'संक्रमणकालीन' टंक का म्हणतात? हे संक्रमण कशाकडून कशाकडे झाले?

उत्तर : रोमन अक्षराची मुख्य रेघ जिथे संपते, तिथे तिच्या टोकाला काढलेल्या लहानशा आडव्या पायाला सेरिफ म्हणतात. कॅपिटल 'आय' ची उभी रेघ वर आणि खाली ज्या दोन आखूड आडव्या रेघांवर टेकलेली दिसते, त्या रेघा म्हणजे सेरिफ. प्राचीन रोमन शिलालेखांतील अक्षरांनाही असे पाय आहेत आणि युरोपातील मुद्रणाने ते तिथून, तसेच हस्तलिखितांच्या वळणातून, उचलले.

संक्रमणाचे म्हणाल तर त्याचे उत्तर लेखणीत आहे. सोळाव्या शतकातील फ्रेंच टंककार क्लोद गारामाँ यांची अक्षरे, आणि त्याच परंपरेत वाढलेली अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील इंग्रज टंककार विल्यम कॅस्लन यांची अक्षरे, रुंद टोकाच्या लेखणीची आठवण ठेवून घडवलेली आहेत. अशी लेखणी तिरपी धरली की रेघेची जाडी हाताच्या दिशेनुसार आपोआप बदलते, आणि म्हणून त्या अक्षरांतील 'ओ' चा आतला पोकळ भाग किंचित डावीकडे कललेला दिसतो. या टंकाचे कर्ते जॉन बास्करव्हिल यांच्या काळापर्यंत इंग्लंडमधील सुलेखन शिक्षक टोकदार, लवचीक पिसाची लेखणी वापरू लागले होते. तिच्यात रेघेची जाडी कोनावर अवलंबून नसते, तर हाताच्या दाबावर असते : खाली येताना दाब दिला की रेघ फुगते, वर जाताना हात सैल सोडला की केसासारखी बारीक होते. बास्करव्हिल स्वतः असे सुलेखन शिकवीत असत. त्यांच्या टंकात 'ओ' चा अक्ष जवळजवळ सरळ उभा आहे, जाड आणि बारीक रेघांतला फरक कॅस्लनपेक्षा ठळक आहे आणि सेरिफची टोके अधिक रेखीव आहेत. मात्र सेरिफ आणि मुख्य रेघ यांच्या सांध्याला अजून गोलाई आहे. त्याच शतकाच्या अखेरीस पॅरिसमधील दिदो आणि पार्मा येथील बोदोनी यांनी हा सांधा काटकोनात आणला, बारीक रेघ सुतासारखी केली, आणि अक्षर लेखणीपासून पुष्कळ दूर गेले.

गारामाँ आणि कॅस्लन एका काठावर, दिदो आणि बोदोनी दुसऱ्या काठावर, म्हणून बास्करव्हिल मधला, असे हे वर्गीकरण पुढच्या अभ्यासकांनी केले. ओळख पटवण्यासाठी ते सोयीचे आहे. पण मला ते नाव आवडत नाही. बास्करव्हिल कुठून कुठे जायला निघाले नव्हते. त्यांना जे अक्षर हवे होते ते त्यांनी पुरते गाठले होते.

प्रश्न : एका रोगणाच्या कारखानदाराने एवढा महत्त्वाचा टंक घडवला असे वाचले. मुद्रणाशी संबंध नसलेल्या माणसाला हे कसे साधले?

उत्तर : संबंध नव्हता असे म्हणता येणार नाही, तो वेगळ्या वाटेने आलेला संबंध होता. बास्करव्हिल यांचा जन्म १७०६ च्या सुमारास वुस्टरशायरमधील वुल्व्हरली या गावी झाला. तरुणपणी ते बर्मिंगहॅममध्ये सुलेखन शिकवीत आणि थडग्यांच्या शिळांवर अक्षरे कोरीत. हव्या त्या वळणात शिळा कोरून मिळतील, असे सांगणारी त्यांची कोरीव पाटी बर्मिंगहॅमच्या ग्रंथालयात आजही जपलेली आहे, आणि त्या एका पाटीवर त्यांनी अक्षरांची निरनिराळी वळणे कोरून दाखवली आहेत. पुढे त्यांनी पत्र्याच्या तबकांवर व इतर वस्तूंवर जपानी धर्तीचे चकचकीत रोगण चढवण्याचा धंदा काढला आणि त्यात चांगला पैसा मिळवला. १७५० च्या सुमारास, वयाच्या चाळिशीत, तो पैसा त्यांनी अक्षरांत घालायला सुरुवात केली.

त्या काळी टंक तयार करणे म्हणजे काय, हे आज डोळ्यांसमोर आणावे लागते. पोलादी दांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे. याला पंच म्हणतात. पोलाद कडक करून तो पंच तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचा, म्हणजे तांब्यात अक्षराचा साचा उमटतो. त्या साच्यावर हाताची ओतणी बसवून शिसे, अँटिमनी व कथील यांचा रस ओतायचा, की एक खिळा तयार होतो. प्रत्येक आकारासाठी, रोमन (सरळ) आणि इटॅलिक (तिरपे) दोन्हींसाठी, प्रत्येक अक्षराचा पंच वेगळा. बास्करव्हिल यांच्याकडे पंच कोरण्याचे काम जॉन हँडी हे कारागीर करीत. आराखडा आणि अंतिम पसंती बास्करव्हिल यांची, हात हँडींचा. टंकाच्या इतिहासात अशा हातांची नावे बहुधा हरवतात, म्हणून हे नाव मी मुद्दाम लिहितो.

पण खरी गोष्ट याच्या पुढे आहे. इतके बारीक अक्षर तयार झाले आणि ते नेहमीच्या पद्धतीने छापले, तर त्याचे बारीकपण छपाईतच नाहीसे होणार, हे बास्करव्हिल यांनी ओळखले. तेव्हाचा हातकागद तारांच्या चाळणीवर बनत असे आणि त्या तारांच्या समांतर रेषा कागदावर उमटत. अशा खडबडीत पृष्ठभागावर सुतासारखी रेघ तुटते किंवा पसरते. विणलेल्या बारीक जाळीवर तयार केलेला, रेषा नसलेला गुळगुळीत कागद त्या सुमारास कागदकार जेम्स व्हॉटमन यांच्या गिरणीत बनू लागला होता. बास्करव्हिल यांच्या पहिल्या ग्रंथाचा, म्हणजे १७५७ मध्ये निघालेल्या प्राचीन रोमन कवी व्हर्जिलच्या काव्यांच्या आवृत्तीचा, काही भाग या नव्या कागदावर छापलेला आहे. छापखान्यातील दाबपट्टी त्यांनी अधिक सपाट आणि पक्की करून घेतली. कागदाच्या पाठीमागचे अस्तर कठीण ठेवले, म्हणजे खिळा कागदात खोल रुतणार नाही. शाई अधिक काळी आणि दाट केली. छापलेले कागद तापवलेल्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये दाबून घेतले, त्यामुळे पानाला मंद तकाकी आली. रोगणाच्या धंद्यात ज्याने वर्षानुवर्षे काळ्या, चकचकीत पृष्ठभागाचा विचार केला, त्यालाच हे सुचले असावे असे मला वाटते.

कामाला सुरुवात झाल्यापासून पहिला ग्रंथ हाती येईपर्यंत सुमारे सात वर्षे गेली. १७५८ मध्ये मिल्टनच्या काव्याच्या आवृत्तीला लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी म्हटले आहे की, अक्षरांच्या सौंदर्याची ओढ त्यांना लवकरच लागली आणि मग ती अधिक निर्दोष करण्यात आपला वाटा असावा, ही इच्छा नकळत वाढत गेली. त्याच प्रस्तावनेत कॅस्लन यांच्याविषयी त्यांनी मनापासून आदर व्यक्त केला आहे. पुष्कळ पुस्तके छापण्याची आपली इच्छा नाही, ज्यांची योग्यता सिद्ध झाली आहे अशीच छापावीत, असेही ते लिहितात. त्याच वर्षी केंब्रिज विद्यापीठाने त्यांना आपले मुद्रक नेमले आणि १७६३ मध्ये त्यांचे मोठ्या आकाराचे बायबल तेथून निघाले. व्यवहार म्हणून पाहिले, तर या सगळ्या उद्योगात त्यांना पैसा मिळाला नाही. १७७५ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांच्या अक्षरांची कीर्ती इंग्लंडपेक्षा युरोपात जास्त होती.

प्रश्न : पानावर टंक दिसला तर तो बास्करव्हिल आहे हे ओळखण्याची खूण कोणती?

उत्तर : पहिली खूण स्मॉल 'जी'. या अक्षराचा खालचा फुगा पूर्ण बंद होत नाही. डावीकडे तो उघडा राहतो, जणू लिहिता लिहिता लेखणी उचलली असावी. दुसरी खूण कॅपिटल 'क्यू', ज्याची शेपटी उजवीकडे लांब, लाटेसारखी वळत जाते. कॅपिटल 'ई' ची सर्वांत खालची आडवी भुजा वरच्या भुजेपेक्षा बरीच पुढे आलेली असते. कॅपिटल 'सी' ला वर आणि खाली दोन्हीकडे सेरिफ असतात. 'डब्ल्यू' च्या मधल्या टोकाला मात्र सेरिफ नसतो. इटॅलिकमध्ये सुलेखन शिक्षकाचा हात सर्वांत स्पष्ट दिसतो. तिथल्या काही कॅपिटल अक्षरांच्या टोकांना जी डौलदार वळणे आहेत, ती पिसाच्या लेखणीतून थेट आलेली आहेत.

मी विद्यार्थ्यांना भिंगाखाली आधी 'जी' पाहायला सांगतो. ते एक अक्षर नीट पाहिले की बाकीच्या टंकाचा स्वभाव कळतो : आकार मोकळे, वळणे भरदार, आणि कुठेही घाई नाही.

प्रश्न : आपण या टंकाची इतकी स्तुती करता, पण त्याच्या काळात हा टंक डोळ्यांना त्रासदायक मानला गेला होता ना? मग वाचनसुलभतेच्या दाव्याचे काय?

उत्तर : आरोप झाला होता, हे खरे आहे, आणि त्याचा सर्वांत चांगला पुरावा बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७६० मध्ये बास्करव्हिल यांना लिहिलेल्या पत्रात आहे. फ्रँकलिन स्वतः व्यवसायाने मुद्रक, आणि व्हर्जिलच्या आवृत्तीच्या सहा प्रतींचे आगाऊ ग्राहक. त्यांना एक गृहस्थ म्हणाले की, बास्करव्हिल यांच्या अक्षरांच्या रेघा इतक्या बारीक आहेत की त्या साऱ्या राष्ट्रातील वाचकांना आंधळे करतील. आपल्याला तर ती पाने वाचताना डोळे दुखतात. फ्रँकलिन यांनी आतल्या खोलीत जाऊन कॅस्लन यांचा नमुन्याचा कागद आणला, त्यावरचे नाव फाडून टाकले आणि तो बास्करव्हिल यांचाच नमुना म्हणून त्या गृहस्थांपुढे ठेवला. त्या गृहस्थांनी एकेक आकार तपासत प्रत्येक ठिकाणी अक्षरांची प्रमाणे कशी बिघडली आहेत ते दाखवले आणि हे वाचताना डोळ्यांना होणारी पीडाही बोलून दाखवली. त्या वेळी कॅस्लनचीच अक्षरे इंग्लंडमध्ये सर्वत्र चालत होती, आणि ते गृहस्थ ती रोज कसलीही तक्रार न करता वाचत होते. त्यांना लाज वाटू नये म्हणून फ्रँकलिन यांनी खरा प्रकार सांगितला नाही.

या पत्रावरून तो आक्षेप निव्वळ पूर्वग्रह होता असे बरेच जण म्हणतात. मी तितक्या टोकाला जाणार नाही. त्या आक्षेपात एक खरे निरीक्षण दडलेले असावे : चकचकीत पांढऱ्या कागदावर गडद काळे, ठळक जाड-बारीक अक्षर दिव्याच्या उजेडात पाहिले तर पान डोळ्यांवर चमकते, आणि तो त्रास कल्पनेतला नसतो. दोष अक्षरावर गेला, कारण नवे म्हणून तेच डोळ्यांत भरले. आज आपण हाच टंक तकाकी नसलेल्या, किंचित पिवळसर कागदावर छापतो, तेव्हा कोणाची तक्रार येत नाही.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या इंग्रजी स्मरणिकेसाठी संगणकावरील बास्करव्हिल वापरला. पडद्यावर सुंदर दिसला; छापून आल्यावर मात्र मजकूर फिकट आणि अशक्त वाटला. दोष छपाईचा की टंकाचा?

उत्तर : बहुधा दोन्हींच्या मधला. हा अनुभव मलाही आला आहे. संपादन शिकत असताना केलेल्या पहिल्या पुस्तिकेत मी याच टंकाचा, नावावर विश्वास ठेवून, पहिला मिळाला तो नमुना घेतला होता. शंभरावर पाने फिकट छापून आली आणि छपाईची तक्रार घेऊन मी जिथे गेलो, तिथल्या वृद्ध जुळाऱ्याने मला खिळ्यावरचे अक्षर आणि कागदावर उमटलेले अक्षर भिंगाखाली शेजारी शेजारी दाखवले. खिळ्यावरचे अक्षर कितीतरी बारीक होते.

कारण असे. खिळ्यांच्या छपाईत शाई लावलेला धातू कागदावर दाबला जातो आणि शाई अक्षराच्या कडेने थोडी बाहेर पसरते. छापलेली रेघ खिळ्यावरील रेघेपेक्षा नेहमीच जाड असते, आणि जुने टंककार हा पसर हिशेबात धरूनच अक्षर घडवीत. ऑफसेट छपाईत, म्हणजे रबरी पटावरून कागदावर अक्षर उमटवण्याच्या आजच्या पद्धतीत, असा दाब नसतो; शाईचा थर पातळ बसतो. आता टंकाचा संगणकीय आराखडा जर धातूच्या आकारावरून बेतलेला असेल, तर त्यातून पसर गेलेला असतो आणि शिल्लक राहतो तो अक्षराचा सांगाडा.

त्यात भर अशी की, बास्करव्हिल हे आज एका टंकाचे नाव नाही, एका कुळाचे आहे. अमेरिकन ग्रंथसजावटकार ब्रूस रॉजर्स यांनी १९१७ मध्ये या विसरलेल्या अक्षरांकडे पुन्हा लक्ष वेधले. त्यानंतर जुळणीयंत्रे बनवणाऱ्या मोनोटाइप कंपनीने १९२३ मध्ये स्टॅन्ली मॉरिसन यांच्या सल्ल्याने आपला नमुना काढला, आणि काही वर्षांनी लायनोटाइप या दुसऱ्या जुळणीयंत्रासाठी जॉर्ज जोन्स यांनी दुसरा काढला. १९७८ मध्ये मॅथ्यू कार्टर आणि जॉन क्वारांडा यांचा 'न्यू बास्करव्हिल' आला. त्यात स्मॉल अक्षरांचा मुख्य भाग उंच आहे, त्यामुळे लहान आकारातही तो टिकतो. १९९६ मध्ये झुझाना लिको यांनी वेगळाच विचार केला. त्यांनी धातूऐवजी छापील पानाचा परिणाम आधाराला घेतला. रेघांतला फरक कमी ठेवला, अक्षरे रुंद व बुटकी केली. या टंकाला त्यांनी 'मिसेस ईव्ह्ज' हे नाव दिले, बास्करव्हिल यांच्या पत्नी सारा ईव्ह्ज यांच्यावरून. ते नाव मला फार योग्य वाटते, कारण पतीच्या मृत्यूनंतर काही काळ टंकांचा व्यवसाय त्यांनीच चालवला होता. २०१२ मधील 'लिब्रे बास्करव्हिल' हा मुक्त परवान्याचा टंक पडद्यावरील मजकुरासाठी बेतलेला आहे. त्याचे आकार मोकळे, स्मॉल अक्षरे उंच आणि बारीक रेघा तुलनेने जाड आहेत.

या कुळात 'बास्करव्हिल ओल्ड फेस' या नावाचा एक सदस्य पुष्कळ संगणकांवर आयता असतो. नाव पाहून तोच मूळ असावा असे वाटते, आणि फसगत होते. तो बास्करव्हिल यांच्या छापखान्यातील नाही. त्यांच्या अक्षरांच्या प्रभावाखाली इंग्लंडमधीलच फ्राय यांच्या खिळे ओतणाऱ्या ओतशाळेने अठराव्या शतकात काढलेल्या टंकावरून तो आला आहे. त्यातील बारीक रेघा मोठ्या आकारासाठी आहेत. मथळ्यात तो देखणा दिसतो, पण स्मरणिकेच्या मजकुरात फिकटच दिसणार. आपण वापरला तो हाच असण्याची शक्यता मला अधिक वाटते. पुढच्या वेळी मजकुरासाठी न्यू बास्करव्हिल किंवा मोनोटाइपचा नमुना घ्यावा, आणि निर्णय पडद्यावर न करता, जो कागद वापरणार त्याच कागदावर एक पान छापून पाहून करावा.

प्रश्न : मजकुरासाठी आकार, ओळींतील अंतर आणि ओळीची लांबी किती ठेवावी? आणि हा टंक कुठे वापरू नये?

उत्तर : पुस्तकाच्या मजकुरासाठी १० ते ११.५ पॉइंट (पॉइंट म्हणजे अक्षराचा आकार मोजण्याचे माप), आणि एका ओळीच्या तळापासून दुसऱ्या ओळीच्या तळापर्यंत १३ ते १५ पॉइंट, हा माझा अनुभवाचा हिशेब आहे. या टंकाची अक्षरे रुंद असल्यामुळे तो जागा जास्त घेतो. पाने वाढतील म्हणून ओळी जवळ आणल्या तर त्याचा सगळा मोकळेपणा जातो. मग जागा वाचवणारा दुसरा टंक घेणे अधिक प्रामाणिक ठरते. एका ओळीत मोकळ्या जागा धरून ६० ते ७० अक्षरे असावीत. समास उदार ठेवावेत.

बास्करव्हिल यांची शीर्षकपाने या बाबतीत फार शिकवतात. त्या काळी शीर्षकपानावर वेलबुट्टी, चौकटी आणि निरनिराळ्या आकारांची गर्दी असे. त्यांनी पुष्कळदा केवळ कॅपिटल अक्षरांच्या काही ओळी ठेवल्या, अक्षरांमध्ये प्रशस्त अंतर सोडले आणि उरलेले पान कोरे राहू दिले. आपणही कॅपिटल अक्षरांची ओळ करताना अक्षरांतील अंतर थोडे वाढवावे, आकाराच्या ५ ते १० टक्क्यांपर्यंत. स्मॉल अक्षरांत मात्र असे अंतर कधीही वाढवू नये, शब्द फुटतात. जोर देण्यासाठी खरे इटॅलिक वापरावे. संगणकाने रोमन अक्षर नुसते तिरके केले, तर त्या सुलेखनाची विटंबना होते. मजकुरात आकडे येत असतील तर स्मॉल अक्षरांप्रमाणे वरखाली होणारे जुन्या धाटणीचे आकडे घ्यावेत, आणि तक्त्यांत सारख्या उंचीचे.

कादंबरी, निबंध, चरित्र, काव्य, प्रमाणपत्र, निमंत्रण, शीर्षकपान ही या टंकाची घरे आहेत. एखादा शब्द मोठ्या आकारात एकटा उभा करायचा असेल, तरी तो शोभतो. कॅनडाच्या सरकारी बोधचिन्हात देशाचे नाव थोड्या बदललेल्या बास्करव्हिलमध्येच लिहिलेले आहे. रद्दीसारख्या हलक्या कागदावर लहान आकारात, गडद पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत, जुन्या कमी दर्जाच्या पडद्यांवर आणि दुरून वाचायच्या फलकांवर तो टाळावा. तिथे बारीक रेघ आधी गळून पडते आणि मागे राहतात नुसत्या उभ्या काठ्या.

प्रश्न : मराठी पुस्तकात मध्ये मध्ये इंग्रजी उतारे येतात. देवनागरीशेजारी बास्करव्हिल बसतो का?

उत्तर : बसतो, पण बसवावा लागतो. पहिली अडचण आकाराची. दोन्ही लिप्या १२ पॉइंटला लावल्या म्हणून त्या सारख्या दिसत नाहीत, कारण रोमन अक्षर तळरेषेवर उभे असते आणि देवनागरी शिरोरेषेला लटकलेली असते. आकडा विसरून डोळ्यांनी जुळवावे : शिरोरेषा रोमन स्मॉल अक्षरांच्या उंचीपेक्षा थोडी वर आणि कॅपिटलच्या उंचीपेक्षा थोडी खाली आली, की बहुधा मेळ बसतो.

दुसरी अडचण वजनाची. शिरोरेषेमुळे देवनागरी ओळीला सलग काळेपणा येतो, आणि तिच्याशेजारी बास्करव्हिलच्या बारीक रेघा आणखीच बारीक वाटतात. यासाठी मजकुराला योग्य असा थोडा भरीव नमुना निवडावा. सोबतची देवनागरीही जाड-बारीक रेघांची, बोरूच्या वळणाची असावी; एकसारख्या जाडीच्या रेघांची देवनागरी या टंकाशेजारी परकी दिसते. बोरूचा कोन आणि रोमन लेखणीचा कोन परस्परांच्या उलट असतात, म्हणून जाडी दोन्ही लिप्यांत एकाच जागी येणार नाही, आणि ती ओढूनताणून आणूही नये. दोघांनी आपापल्या लेखणीशी इमान राखले तरच त्या एका पानावर सुखाने नांदतात. मराठी वाक्यात एखादाच रोमन शब्द असेल, तर तो इटॅलिक करण्याचे कारण नाही. लिपी बदलली की शब्द वेगळा दिसतोच.

प्रश्न : बास्करव्हिलमध्ये छापलेले विधान लोकांना अधिक खरे वाटते, असा प्रयोग झाला होता म्हणतात. हे खरे का?

उत्तर : २०१२ मध्ये चित्रपट दिग्दर्शक एरॉल मॉरिस यांनी न्यू यॉर्क टाइम्सच्या संकेतस्थळावर एक प्रश्नावली दिली होती. वाचकांना ते काय तपासत आहेत हे सांगितलेले नव्हते. एकच उतारा निरनिराळ्या वाचकांना सहा वेगवेगळ्या टंकांत दाखवला जात होता आणि त्यातील विधान पटते का, असे विचारले जात होते. सुमारे ४५ हजार जणांनी उत्तरे दिली. बास्करव्हिलमधील उताऱ्याला सहमती सर्वाधिक मिळाली. हा फरक दीड टक्क्याच्या आसपास होता. मला त्यात नवल वाटत नाही. ज्या टंकात पिढ्यान्पिढ्या काळजीपूर्वक तपासलेली पुस्तके वाचली, त्याच्याबद्दल मन थोडे सैल होते. मात्र त्यावर विसंबून टंक निवडू नये. मजकूर खोटा असेल, तर चांगल्या अक्षराने तो अधिक धोकादायक होतो.

प्रश्न : मूळ पंचांचे पुढे काय झाले? काही दिवसांत इंग्लंडला जाण्याचा योग आहे. तिथे काही पाहायला मिळेल का?

उत्तर : सारा ईव्ह्ज यांच्याकडून हे पंच १७७९ मध्ये फ्रेंच नाटककार बोमार्शे यांनी विकत घेतले. त्यांना व्होल्तेअर यांचे समग्र साहित्य छापायचे होते. फ्रान्समध्ये त्यावर बंदीची टांगती तलवार असल्याने त्यांनी ऱ्हाइन नदीच्या पलीकडे, जर्मन भूमीवरील केहल येथे छापखाना उभारला, आणि ते खंड १७८४ ते १७८९ या वर्षांत बास्करव्हिलच्या अक्षरांत निघाले. त्यानंतर हे पंच फ्रान्समधील एका ओतशाळेतून दुसऱ्या ओतशाळेत फिरत राहिले. शेवटी ते डेबर्नी आणि पेन्यो या संस्थेकडे आले, आणि १९५३ मध्ये त्या संस्थेने ते केंब्रिज विद्यापीठ मुद्रणालयाला भेट दिले. ज्या विद्यापीठाचे बास्करव्हिल मुद्रक होते, त्याच विद्यापीठाकडे ते जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी परतले. आता ते तेथील विद्यापीठ ग्रंथालयाच्या ताब्यात आहेत. पाहायचे असल्यास आधी पत्र लिहून परवानगी घ्यावी.

बर्मिंगहॅमला गेलात तर ग्रंथालयात ती कोरीव पाटी पाहा. तिथून जवळच, बास्करव्हिल हाउस या इमारतीसमोर, शिल्पकार डेव्हिड पॅटन यांनी १९९० मध्ये केलेले एक शिल्प उघड्यावर उभे आहे. पांढऱ्या दगडाचे खांब, प्रत्येक खांब म्हणजे माणसाच्या अंगाजोगा मोठा केलेला पंच, आणि त्यांच्या तोंडावर ब्राँझची उलटी अक्षरे. समोर उभे राहून ती उजवीकडून डावीकडे वाचली, की शब्द लागतो : व्हर्जिल.